वरून दुबई, खालून बुर्ज: वाचक विचारतात

दिवाळीच्या सुट्टीत दुबईला निघालेल्या वाचकांची या खेपेला इतकी पत्रं आली, की अख्खा विभाग एकाच इमारतीला द्यावा लागला. मुक्काम बहुतेकांचा चार-पाच दिवसांचा आणि यादीत पहिलं नाव बुर्ज खलिफाचं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही दोघं आणि दोन मुलं. तिकिटं बघताना १२४, १२५, १४८ असे आकडे दिसतात. १४८चा दर दुपटीहून जास्त आहे. तेवढं जास्त दिसतं का?
– वाचक, कोथरूड

तेवढं जास्त दिसत नाही. १२४वा मजला ४५२ मीटरवर आहे आणि १४८वा ५५५ मीटरवर. हवा निखळ असेल तर १२४वरून क्षितिज साधारण ७६ किलोमीटरवर येतं, १४८वरून ८४. हिशोबात आठ किलोमीटरचा फरक पडतो. पण दुबईच्या हवेत धूळ आणि समुद्रावरची वाफ असतेच, त्यामुळे बहुतेक दिवशी नजर त्याच्या कितीतरी अलीकडे विरते. उलट जितकं वर जाल तितकं खालचं बारीक होत जातं. पायथ्याचं कारंजं, शेख झायेद रस्त्यावरची गाड्यांची रांग, गच्चीवरचे पोहण्याचे तलाव या गोष्टी मुलांना १२४वरूनच मजेत ओळखता येतात.

१४८च्या तिकिटात पैसे जातात ते गर्दी टाळण्याचे. रांग वेगळी, सोबत माणूस, बसायला सोफे, खजूर आणि अरबी कॉफी. तिथून उतरताना १२५ आणि १२४ हे मजलेही दाखवतात. ज्यांना उभं राहवत नाही किंवा गर्दीत गुदमरायला होतं, त्यांनी हा खर्च जरूर करावा. दोन मुलांच्या कुटुंबाला १२४-१२५चं साधं तिकीट पुरतं. १२४वर उघडी गच्ची आहे, १२५वर आतून चौफेर फिरता येतं. ४ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. त्यावरच्या मुलांची सवलत कोणत्या वयापर्यंत आहे ते तिकीट काढतानाच बघा, दोन्ही तिकिटांना ती सारखी असेलच असं नाही.

बाहेरच्या एजंटाकडून घेत असाल तर तिकिटावर मजल्याचा आकडा छापलेला आहे ना ते पाहा. ‘टॉप व्ह्यू’, ‘प्रीमियम’, ‘व्हीआयपी’ अशा शब्दांवरून मजला कळत नाही. ‘कॅफेसह’ लिहिलेलं तिकीट म्हणजे कॉफी आणि काहीतरी गोड एवढंच, जेवण नव्हे.

एक पुणेरी हिशोब जाता जाता. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर वसलंय आणि दुबई समुद्राच्या काठावर. म्हणजे १४८व्या मजल्यावर पोचलेला माणूस जेमतेम शनिवारवाड्याच्या अंगणाच्या उंचीला येतो. इमारतीचं टोक ८२८ मीटरवर आहे. आपल्या वेताळ टेकडीचा माथा साधारण ८०० मीटरवर.

सूर्यास्त वरूनच बघायचा आहे. किती वाजताचं तिकीट काढू?
– वाचक, बिबवेवाडी

त्या दिवशीच्या सूर्यास्ताच्या सव्वा तास आधीचं. तिकिटावरची वेळ ही खाली रांगेत शिरण्याची असते, वर पोचण्याची नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. प्रवेश दुबई मॉलच्या तळमजल्याखालून आहे. तपासणी, लांबलचक वाट आणि लिफ्टची रांग यांत गर्दीच्या वेळी अर्धा-पाऊण तास सहज जातो. सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधीचं तिकीट घेतलं तर सूर्य लिफ्टच्या रांगेतच मावळायचा, आणि तोही न दिसता.

दुबईत नोव्हेंबरअखेर सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो, जूनअखेर सात-दहाच्या सुमाराला. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात असली तर पावणेसहाच्या आसपास धरा. वेळ तिथल्या घड्याळाची, आपल्यापेक्षा दीड तास मागची. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही.

संध्याकाळच्या या तीनेक तासांचा दर सकाळपेक्षा बराच जास्त असतो, तरी तीच तिकिटं आधी संपतात. निदान आठवडाभर आधी काढा. विमानाच्या दिवशीचं मात्र काढू नका. विमानाला उशीर झाला तर वेळ गेली आणि वेळेबरोबर पैसेही. २०२२पासून तिथे शनिवार-रविवारची सुट्टी आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस, तेव्हा सोमवार ते गुरुवार बरे.

कुठल्या बाजूला उभं राहायचं ते महिन्यावर अवलंबून आहे. किनारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातो आणि समुद्र वायव्येला आहे. उन्हाळ्यात सूर्य सरळ समुद्रात बुडतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे सरकतो आणि किनाऱ्याच्या रेषेवरच, दुबई मरीना या भागातल्या उंच इमारतींच्या अंगाने उतरतो. दिवाळीत जाणाऱ्यांनी मरीनाची दिशा आधी हेरून तिथली काच धरावी. मागाहून आलेल्याला चौथी रांग मिळते.

वरून सूर्य खालच्यापेक्षा अडीच-तीन मिनिटं उशिरा मावळतो, कारण क्षितिज खाली सरकलेलं असतं. ही नुसती गंमत नाही. २०११च्या रमजानमध्ये दुबईच्या धर्मगुरूंनी याच कारणावरून सांगितलं होतं, की ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५०च्या वरच्यांनी तीन मिनिटं.

सूर्य गेला की सगळे एकदम लिफ्टकडे वळतात. तेव्हा उतरायची घाई करू नका. अर्धा-पाऊण तास थांबलात तर दिवे लागलेलं शहर दिसेल आणि उतरायची रांगही ओसरेल.

पैसे वाचवायचे असतील तर सकाळचं तिकीट घ्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे कधी धुकं उतरतं. मजला धुक्याच्या वर राहिला तर ढगांतून डोकावणारे मनोरे दिसतात, धुक्यात बुडला तर पांढरी भिंत. धुक्याचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून त्या महिन्यांत जरा उन्हं चढल्यावरचं तिकीट बरं.

वर काढलेल्या फोटोत नेहमी आपलंच प्रतिबिंब येतं म्हणे. उपाय?
– वाचक, औंध

मोबाइलची भिंग काचेला अगदी टेकवा आणि भोवती काळी ओढणी किंवा जाकीट धरा. मधे दोन बोटांचं अंतर राहिलं तरी आतले दिवे फोटोत येतात. फ्लॅश बंद. काचेवर आधीच्या माणसाच्या बोटांचे आणि लहान मुलांच्या नाकांचे ठसे असतात, म्हणून चष्म्याचं फडकं खिशात ठेवा. १२४च्या उघड्या गच्चीवर काचांच्या मधे अरुंद फटी आहेत, तिथून मोबाइल हातात घट्ट धरून काच न येता फोटो मिळतो. ट्रायपॉड आणि मोठी बॅग हॉटेलवरच ठेवा.

आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात. वडील ७८, त्यांना कानाचा त्रास. न्यावं का?
– वाचक, निगडी

न्यायला हरकत नाही, वाट मात्र नीट निवडा. लिफ्ट सेकंदाला दहा मीटर वेगाने जाते, मिनिटाभरात १२४वा मजला. ती हलते आहे हेसुद्धा कळत नाही, पण कान सांगतात. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण साडेपाचशे मीटर खाली येतो आणि कान बंद होतात. इथे जवळपास तेवढाच फरक एका मिनिटात पडतो. लिमलेटची गोळी तोंडात ठेवायची आणि घोट गिळत राहायचं. सर्दीने कान आधीच गच्च असतील किंवा कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. हवा वर दम लागण्याइतकी विरळ होत नाही.

खरी परीक्षा गुडघ्यांची आहे, आणि ती इमारतीत नव्हे, इमारतीपर्यंत. मेट्रोच्या ‘बुर्ज खलिफा/दुबई मॉल’ स्थानकापासून मॉलपर्यंत ८०० मीटरहून लांब वातानुकूलित पूल आहे. सरकते पट्टे आहेत, पण सलग नाहीत. त्यानंतर मॉलमधली चाल वेगळीच. आईंसाठी थेट मॉलच्या दारापर्यंत टॅक्सी करा आणि चाकाची खुर्ची मागा. ती वर डेकपर्यंत, म्हणजे शहर बघण्याच्या मजल्यांपर्यंत, चालते. चालकाला नुसतं ‘बुर्ज खलिफा’ सांगितलंत तर तो इमारतीच्या दुसऱ्याच दाराशी सोडेल, जिथून डेकला प्रवेश नाही. ‘दुबई मॉल, ॲट द टॉप’ असं सांगा.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत. वरच जेवायचा बेत आहे. शाकाहारी मिळेल ना? डेकच्या तिकिटावर रेस्टॉरंटमध्ये जाता येतं का?
– वाचक, सहकारनगर

नाही जाता येत, आणि उलटही नाही. १२२व्या मजल्यावर, ४४२ मीटरवर ‘ॲटमॉस्फिअर’ आहे. डेक त्याच्या दोनच मजले वर असला तरी दार, लॉबी आणि लिफ्ट सगळं वेगळं. डेकवरून उतरून जेवायला जायचं तर तळापर्यंत येऊन, बाहेर पडून, दुसऱ्या दाराने पुन्हा वर. मधे तासाभराचं अंतर ठेवा.

उंचीच हवी असेल आणि जेवणही करायचंच असेल, तर डेकचं तिकीट न घेता तेच पैसे इथे घालावेत असं आमचं मत. पण आरक्षण करताना चार गोष्टी विचारून घ्या. पहिली, माणशी किमान खर्च किती. तो वेळेनुसार बदलतो, सकाळी किंवा दुपारच्या चहाला कमी, रात्री सर्वांत जास्त. दुसरी, खिडकीच्या टेबलाला वेगळे पैसे आहेत का. आतलं टेबल मिळालं तर समोर दुबईऐवजी दुसऱ्या जोडप्याची पाठ दिसते. तिसरी, लहान मुलं चालतात का आणि कुठल्या वेळेला. चौथी, कपडे. हाफ पँट आणि चपला चालत नाहीत, साडी किंवा साधा शर्ट-पँट आणि बूट पुरे.

शाकाहारी पदार्थ मिळतात, पण यादी आखूड असते आणि वाट्या छोट्या. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासे, अंडं, मांसाचा रस्सा काहीच चालत नाही हे आधीच मेलवर कळवा. जैन असाल तर कांदा-लसणाचंही. टेबलाशी बसल्यावर सांगितलंत तर स्वयंपाकघराच्या हातात सॅलड आणि पास्ता एवढंच उरतं.

पोटभर भारतीय जेवण हवं असेल तर मेट्रोने बुरजुमान स्थानक गाठा. करामा आणि बर दुबई भागात थाळीपासून डोशापर्यंत सगळं मिळतं. वर चहा आणि खाली जेवण, ही वाटणी सर्वांत समाधानाची ठरते.

एक रात्र बुर्ज खलिफातच राहायचं ठरवलंय. शंभराव्या मजल्यावरची खोली मागता येईल का?
– वाचक, बाणेर

शंभराव्या मजल्यावर हॉटेल नाहीच. बुर्जमधलं हॉटेल म्हणजे अरमानी, २०१०च्या एप्रिलमध्ये उघडलेलं, १६० खोल्यांचं. ते तळापासून आठव्या मजल्यापर्यंत आणि पुढे फक्त ३८व्या व ३९व्या मजल्यांवर आहे. मधे आणि वर घरं, त्याच्याही वर कार्यालयं. ‘जगातल्या सर्वांत उंच इमारतीत मुक्काम’ हे खरंच, पण तो मुक्काम पाचव्या मजल्यावरही असू शकतो. आरक्षणाआधी मजला आणि बाजू दोन्ही लेखी विचारा. कारंज्याच्या बाजूची खोली खालच्या मजल्यावर असली तरी चांगली. डेकचं तिकीट खोलीच्या भाड्यात धरलेलं नसतं, पॅकेजमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तरच.

वरच्या मजल्यांवरची घरं काही मालक दिवसाच्या भाड्याने देतात. अशा घराला तिथल्या पर्यटन खात्याचा परवाना लागतो, परवान्याचा क्रमांक मागून घ्या. पत्ताही नीट वाचा: ‘बुर्ज खलिफा डिस्ट्रिक्ट’ किंवा ‘बुर्ज व्ह्यू’ म्हणजे शेजारची इमारत.

आणि शेजारची इमारत वाईट नव्हे. बुर्जमध्ये राहणाऱ्याला जी एक इमारत खिडकीतून दिसत नाही, ती म्हणजे बुर्ज. तलावापलीकडच्या हॉटेलांत तीच पूर्ण उंचीने समोर असते, खाली कारंजं. एकच रात्र घालवायची आहे तर आम्ही तीच खोली सुचवू. फक्त ‘पार्शल व्ह्यू’ घेऊ नका, बाल्कनीत एका कोपऱ्यात मान वाकडी करून उभं राहावं लागतं.

पैशांचा अंदाज असा धरा. भाडं करांसकट सांगितलंय का ते विचारा. नसेल तर १० टक्के सेवा आकार, ७ टक्के पालिकेचा आकार, ५ टक्के व्हॅट, आणि पंचतारांकित हॉटेलात दर खोलीला दर रात्री २० दिरहम पर्यटन शुल्क. म्हणजे २,००० दिरहमची खोली अडीच हजारांच्या जवळ जाते. खोलीत शिरताना अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसे अडकतात, सुटायला दिवस लागतात, आणि ते नेमके खरेदीचे दिवस असतात.

मुलगा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला नुसतं ‘व्वा’ म्हणण्यापलीकडे काय बघायला सांगू?
– वाचक, धनकवडी

आधी वर नव्हे, खाली. इमारतीचा आराखडा इंग्रजी वाय अक्षरासारखा आहे: मधे षट्कोनी गाभा, तीन बाजूंना तीन पंख. प्रत्येक पंख बाकीच्या दोघांना टेकू देतो आणि गाभा इमारतीला पिळू देत नाही. रचना स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेची, वास्तुरचनाकार एड्रियन स्मिथ, संरचना अभियंता बिल बेकर. पाया वाळूखालच्या मऊ खडकात: १९२ पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब), प्रत्येकी दीड मीटर व्यासाचे, वर ३.७ मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे काँक्रीटची सलग लादी.

मग १२४च्या उघड्या गच्चीवर जाऊन मान वर करायला सांगा. पंख एकाच वेळी निमुळते होत नाहीत, आळीपाळीने, जिन्यासारखे फिरत मागे सरतात. वारा उंच इमारतीच्या बाजूंनी सुटताना भोवरे करतो. भोवरे एका ठेक्यात सुटले आणि तो ठेका इमारतीच्या स्वतःच्या हिंदोळ्याशी जुळला, तर ती डोलू लागते. दर काही मजल्यांवर आकारच बदलला की ठेका जमत नाही. ही पायऱ्यांची नक्षी शोभेची नाही, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

काँक्रीटची गोष्ट त्याला विशेष आवडेल. ते पंपाने ६०० मीटरहून वर चढवलं. इतक्या लांब नळीत ते मधेच घट्ट होऊन चालत नाही, आणि दुबईच्या उन्हाळ्यात तर ते भराभर आवळतं. म्हणून उन्हाळ्यात ओतकाम रात्री, मिश्रणात बर्फ घालून. आपल्याकडे भर दुपारी स्लॅब टाकून संध्याकाळी बारीक तडे मोजत बसणाऱ्यांनी यातला बर्फ नाही तरी रात्र जरूर उचलावी.

आणखी एक, टोकाचे सुमारे २४४ मीटर वावरण्याजोगे नाहीत, नुसता मनोरा आणि सुळका आहे.

उंचीची भीती वाटते, तिकीटही परवडत नाही. खालून काय बघता येईल? ३१ डिसेंबरला गेलो तर?
– वाचक, हडपसर

कारंजं फुकट आहे. संध्याकाळपासून ठरावीक अंतराने सुरू होतं. तलावाच्या कठड्याशी उभं राहण्यापेक्षा सूक अल बहार या बाजाराकडच्या पुलावर जा, कारंजं आणि बुर्ज एकाच चौकटीत येतात. थोडी उंची चालत असेल तर झबील पार्कातली दुबई फ्रेम १५० मीटरची आहे आणि तिकीट बुर्जच्या मानाने किरकोळ. एका बाजूला जुनी दुबई, दुसरीकडे नवी. मात्र तिथे मधल्या पट्ट्यात काचेची जमीन आहे, भीती वाटणाऱ्यांनी कडेने चालावं.

३१ डिसेंबरला आतषबाजी बघायची तर दुपारीच जागा धरावी लागते. रस्ते बंद होतात, बुर्जजवळचं मेट्रो स्थानकही संध्याकाळी बंद करतात, आणि मध्यरात्रीनंतर परतीची पायपीट ठरलेली. लहान मुलं बरोबर असतील तर तो दिवस टाळा.

उरलेला फराळ बरोबर नेणार आहोत. वर बसून खाता येईल?
– वाचक, सदाशिव पेठ

वर बाहेरचं खाणं नेता येत नाही. मेट्रोत तर च्युइंग गमसुद्धा चघळायचं नाही, खाताना-पिताना दिसलात तर १०० दिरहम दंड. स्त्रिया आणि मुलांच्या राखीव डब्यात चुकून शिरलेल्या पुरुषालाही तेवढाच. बाकरवडी, चिवडा, लाडू खुशाल न्या आणि हॉटेलवर खा.

अनारसे मात्र नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, भाजलेली असो वा अनारशाला चिकटलेली. करंजीच्या सारणातही खसखस असते, ते घरी विचारून घ्या. मसाल्याच्या डब्यातली पुडी बाहेर काढा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि तीव्र वेदनाशामकं परवानगीशिवाय चालत नाहीत. बाकीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची छापील चिठ्ठी ठेवा. अनारसे निघायच्या आदल्या रात्री संपवा.